भाड्याचंच, पण ऐटीचं!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे सांगून ठेवलंय. घर भाड्यानं घेऊन पाहावं, असं मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. भाड्याचं घर म्हणजे कसं, तात्पुरतं. दोन खोल्या, मोरी, दोरीवर कपडे, ‘आपलं होईल तेव्हा बघू’ म्हणत काढलेले दिवस. त्यातून एखादीनं भाड्याचंच घर जरा ऐटीचं घेतलं, लिफ्टचं, ट्रॉल्यांच्या स्वयंपाकघराचं, दोन बाल्कन्यांचं, की झालं! ‘एवढ्या पैशांत हप्ता नसता का गेला?’ हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. हळदीकुंकवाचं वाण हातात घेताघेताही विचारलाय.

म्हणून म्हटलं, एकदा हिशेबच मांडून दाखवावा. तो नुसता रुपयांचा नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

आम्ही संगमनेरला राहतो. आमचे हे ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत आहेत, म्हणजे बदली डोक्यावर टांगलेलीच. मी एका खाजगी शाळेत अर्धवेळ मराठी नि इतिहास शिकवते. आधी जुन्या गावात, प्रवरेच्या अंगाला, माडीवरच्या दोन खोल्यांत होतो. भाडं साडेसहा हजार. घर काही वाईट नव्हतं. भाजी दारात, शेजार सोन्यासारखा. पण जिना लाकडी आणि उभा. सासूबाईंचे गुडघे गेले, तसा तो जिना त्यांच्या दृष्टीनं देवगिरीचा किल्ला झाला. दवाखान्याखेरीज वर्षभर त्या खाली उतरल्या नाहीत. लेक आठवीत गेली, तिचा अभ्यास स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी. पाणी भरायला पहाटे उठायचं ते वेगळंच.

जून २०२२ मध्ये आम्ही नव्या वस्तीतला फ्लॅट घेतला. तीन खोल्या, हॉल, लिफ्ट, जनरेटर. भाडं साडेचौदा हजार, अनामत ४५ हजार. फरक महिन्याला ८,००० रुपयांचा, आणि माझा शाळेचा पगार ८,२००. म्हणजे उघडच आहे, माझा पगार त्या घरात जातो. उरलेल्या दोनशे रुपयांची मी मालकीण! ‘अगं, मग नोकरी कशाला करतेस?’ असं एक मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं, त्यासाठीच करते. लिफ्टचं बटण माझ्या पगारानं दाबलं जातं, लेकीच्या खोलीचं दार माझ्या पगारानं बंद होतं. नवऱ्याच्या पगारातून हे मागायचं म्हटलं असतं, तर अजून त्या माडीवरच असतो.

आता त्या हप्त्याचं. आमच्याच इमारतीत वरचा फ्लॅट ५२ लाखांना गेला. बारा लाख जवळचे घातले आणि चाळीस लाख कर्ज काढलं, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता होतो महिना सुमारे ३४,७००. त्यातही पहिल्या महिन्यात २८ हजारांच्या वर नुसतं व्याज! आणि तसल्याच फ्लॅटचं भाडं साडेचौदा. हे असं का, तर आपल्या तालुक्याच्या गावांत भारी फ्लॅट बांधले गेले ते बहुधा घेणाऱ्यांसाठी. गावातला माणूस स्वतःचं घर बांधतो, नोकरीवाला दोन खोल्या बघतो. मालकाची मुलं पुण्याला नाही तर परदेशात. रिकामं घर धूळ खातं, नळ गंजतात, म्हणून तो बिचारा किंमतीच्या मानानं कमी भाड्यातही ‘कुटुंब द्या’ म्हणतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे खरं वाटत नाही.

सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “सूनबाई, भाड्याच्या घराला कितीही सजव, कळस मालकाचाच.” त्यानंतर आठवडाभरातच त्या एकट्या लिफ्टनं खाली जाऊन बाकावर बसायला लागल्या. आता संध्याकाळी सातशिवाय वर येत नाहीत.

भाडेकरू असणं मला नवीन नाही. माझं माहेर नगरचं. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच. दिल्ली गेटाच्या आतल्या एका वाड्यात आम्ही भाड्यानं राहायचो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी जिथल्या तिथे गोठली होती. वडील महिना अठ्ठावीस रुपये भरायचे आणि तेवढ्यात मालक वासासुद्धा बदलायचा नाही. पावसाळ्यात घरभर पातेली मांडलेली. पण निघा म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या पिढीच्या भाडेकरूला घर पडकं मिळालं, पण वर्षं मिळाली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि आता सगळा कारभार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. चकचकीत फरशी मिळते, पण मुदत संपली की निघायचं. न निघालात तर दुप्पट दरानं भरपाई, असं त्या कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. म्हणजे फरशीपेक्षा कागद बघायला शिकलं पाहिजे. ते मी वाड्यात नाही, इथे शिकले.

घर शोधायला बायकांनीच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुष हॉलमध्ये उभे राहतात आणि ‘व्हेंटिलेशन चांगलंय’ म्हणतात. दिवसाचे सोळा तास आपण तिथे काढणार. पण जाल तेव्हा आणखी एका परीक्षेची तयारी ठेवा. एके ठिकाणी मालकीणबाईंनी चहा दिला, आणि मग सुरू: “मूळ गाव कुठलं? आडनाव ऐकलं नाही कधी. कुलदैवत कोणतं तुमचं?” मी म्हटलं, “जेजुरीचा खंडोबा.” बाईंची गाडी तिथेच अडली, कारण खंडोबा अठरापगड जातींचा! मग ‘घरात अंडी-मटण करता का’ असं वळण घेतलं. मी म्हटलं, “रविवारी.” ते घर आम्हाला मिळालं नाही. घर सुरेख होतं, पूर्वेचा ओटा होता. पण ज्या घरात फोडणीचा वास दाराबाहेर जातो की काय म्हणून जीव मुठीत धरायचा, त्याचं भाडं मी देणार नाही. आपला पैसा आणि आपलीच चोरी! तुमच्यापैकी कितीजणींना या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, आणि त्यातल्या कितीजणी खोटं उत्तर देऊन मोकळ्या होतात, हेही मला ठाऊक आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. डोक्यावर छप्पर पाहिजे असतं.

बरं, घर बघताना काय बघायचं? रंग, दिवे, छताची नक्षी हे सगळं पाच मिनिटांत विसरा. पहिलं, पाणी. संगमनेर शहराला निळवंडे धरणातून थेट पाइपलाइननं पाणी येतं, पण शहराला चिकटून घुलेवाडी, गुंजाळवाडीसारख्या ग्रामपंचायती आहेत आणि नवे फ्लॅट हद्दीच्या अल्याड-पल्याड कुठेही असू शकतात. इमारत कुणाच्या हद्दीत, नळ कुणाचा, बोअरवेल किती, मे महिन्यात टँकर लागला होता का, आणि लागला तर पैसे कुणी भरले, हे वॉचमनला विचारा. मालकाला नको. दुसरं, दुपारी तीनला जा. सकाळी सगळीच घरं गार असतात. तिसरं, ओटा. आपण बाजरीची भाकरी थापणाऱ्या बायका. आणि हे नवे ओटे उंच, वर त्यात बसवलेली काचेची शेगडी. माझ्या खांद्याला पहिल्या महिन्यातच रग लागली. शेवटी सुताराकडून एक बुटका पाट करून घेतला. त्यावर उभी राहून भाकरी थापते. पाहुणे हसतात, खुशाल हसू देत. वर्षाच्या धान्याला तर या स्वयंपाकघरात जागाच नाही! ट्रॉल्या चमच्यांच्या, बाटल्यांच्या, कपांच्या. गव्हाच्या कोठीचा विचार कुणी केलेला नसतो. आमची कोठी बाल्कनीत पलंगाच्या फळीखाली आहे.

आणि गच्ची! मैत्रिणींनो, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हे विचारल्याशिवाय अनामत देऊ नका. आमच्या इमारतीत गच्चीला कुलूप. का, तर वर सोलरचे पत्रे आहेत. एप्रिल आला, गव्हाचा चीक शिजवायची वेळ झाली आणि कुरडया वाळवायच्या कुठे? सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूला मत नाही, बोलायला जागा नाही. मालक राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून जादा आकार घेते, तोसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. पण तो पैसा कुणाच्या खिशातून जातो हे सांगायला नकोच. मग मी असं केलं, चार फ्लॅटमालकिणींना विचारलं, “कुरडया तुमच्याही करून देऊ का?” तिसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. मत नसलं म्हणून काय झालं, चीक घोटायला येतो ना!

आता कागद. आपल्याकडे ‘अकरा महिन्यांचा करार’ हा शब्द जपासारखा म्हणतात. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅंपवर भागतं, असा पक्का समज. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की छत्तीस. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरून चालतात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि खर्च किती? चोवीस महिन्यांचं भाडं, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, त्याच्या पाव टक्का मुद्रांक. आमचा आला नऊशेच्या आतबाहेर. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी लोक वर्षभर जीव टांगणीला लावतात! त्यातून आयकरात घरभाड्याची सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन नंबर लागतो. मालक कचरतात ते बहुतेक तिथेच.

आमचा मालक पुण्याला, आणि इथला कारभार त्याच्या थोरल्या भावाकडे. माणूस गोड बोलणारा. करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. आता नोंदणी तशी घरबसल्या होते. मी म्हटलं, “माझंही नाव घाला.” थोरले भाऊ म्हणाले, “वहिनी, तुमचं कशाला? साहेबांचं आहे ना.” एजंट म्हणाला, “मॅडम, एकाच्या नावावर सोपं जातं.” आमचे हेसुद्धा जरा चुळबुळले. मी म्हटलं, “दादा, बाईच्या नावावर घर विकत घेतलं तर सरकार २०२१ पासून मुद्रांकात एक टक्का सूट देतं. भाड्याच्या कागदावर नाव घालायला तर तुमचा एक पैसाही जात नाही.” आणि दुसरं एक कलम मी लिहूनच नेलं होतं: मुदतीच्या आत मालकाला करार मोडता येणार नाही, आम्ही मात्र दोन महिन्यांची सूचना देऊन निघू शकतो. अर्धा तास घासाघीस झाली. मग माझ्या नावाची पाळी आली, तर यंत्र माझा अंगठा घेईना! भांड्यांच्या पावडरीनं, चिरण्याकापण्यानं रेषाच पुसट झालेल्या. तीनदा लाल दिवा. एजंट म्हणाला, “अंगठा केसांवरून फिरवा.” फिरवला, तेलाचा हात लागला आणि चौथ्या वेळी हिरवा दिवा आला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. जो अंगठा घरकामानं झिजला, त्यालाच ते यंत्र ओळखत नव्हतं.

राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी थोरले भाऊ स्वतःजवळची किल्ली लावून गीझर बघायला आत आले. मी शाळेत, सासूबाई आंघोळीला. त्या दिवशी मी त्यांना कायद्याचं २८ वं कलम सांगितलं: मालकाला घर बघता येतं, पण आधी कळवून आणि वेळेवर. त्यांनी किल्ली परत दिली. बोलणं मात्र त्यानंतर तुटक झालं.

आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये ह्यांची बदली झाली, जळगावला. आठ दिवसांत हजर व्हायचं. लेक दहावीत, मार्चमध्ये परीक्षा. ‘तू आणि आई इथेच राहा, मी शनिवारी येत जाईन’ असं ठरलं. हे गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात थोरले भाऊ दारात. “वहिनी, करार साहेबांशी होता. साहेब गेले. एकट्या बाईमाणसाला ठेवणं आमच्याही जबाबदारीचं काम. जानेवारीअखेर मोकळं करा.” नंतर कळलं, एका शिकवणी वर्गाला जागा हवी होती आणि ते जास्त भाडं देत होते. सासूबाई आतून ऐकत होत्या. लेकीनं पुस्तक मिटलं, ते मला आवाजावरून कळलं.

मी आत गेले, कपाटातून कराराची प्रत आणली आणि पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. परवानाधारक क्रमांक दोन, माझं नाव, माझा फोटो, माझा अंगठा. मुदत मे २०२४ अखेर. मग ते कलम दाखवलं. म्हटलं, “दादा, साहेब गेले असतील, करार इथेच राहतोय. भाडं पाच तारखेला माझ्या खात्यातून येईल.” ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही शिक्षिका ना, म्हणून.” एवढंच म्हणून गेले. भांडण नाही, आरडाओरड नाही. घरात मात्र त्या रात्री कुणाला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला तो लावला, आणि कराराची ती प्रत उचलून स्वतःच्या उशाखाली ठेवली. भाड्याच्या घराचा कळस मालकाचा म्हणणाऱ्या बाई त्या!

लेकीची परीक्षा त्याच खोलीत, त्याच बंद दारामागे झाली. मेमध्ये मी पुण्याच्या मालकाशी स्वतः फोनवर बोलले. माणूस समजूतदार निघाला. दोन वर्षं भाडं एकदाही चुकलं नव्हतं, भिंतीला एक जादा खिळा नव्हता. आत शिरताना मी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक नळाचे फोटो काढून त्यांना पाठवले होते, ते त्यांनी जपून ठेवलेले. पांढऱ्या फरशीवर हळदीचा एक डाग पडलाय, तो मी आपण होऊनच सांगितला. भाडं हजारानं वाढवून छत्तीस महिन्यांचा नवा करार केला. या खेपेला पहिलं नाव माझं, दुसरं ह्यांचं. अंगठा केसांवरून फिरवूनच बसले होते.

परवा आमच्या कामवाल्या मावशी तो कागद बघून म्हणाल्या, “ताई, आमच्या खोलीला असलं काही नाही.” मावशी पूर्वी घरी विड्या वळायच्या, आता चार घरची कामं करतात. अडीच हजार भाड्याची एक खोली, बारा वर्षं तिथेच, आणि हातात चिटोरंसुद्धा नाही. भाड्याची लेखी पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, हे ३१ व्या कलमातलं मी त्यांना सांगितलं. त्यांना खरं वाटेना. मग बाजारातून वीस रुपयांचं पावतीपुस्तक आणलं, मराठीत सगळं लिहून दिलं, फक्त सही बाकी. मावशींनी महिनाभर ते पुस्तक पदराखाली नेलं नि आणलं. गेल्या पाच तारखेला एकदाची सही झाली. पावती क्रमांक एक. मावशी ती लिफ्टमधून वर घेऊन आल्या. एरवी त्या जिन्यानं येतात, कारण कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये, असा खाली एक फलक आहे. त्या फलकाबद्दल सोसायटीला मी पत्र लिहिलंय. भाडेकरूचं पत्र बैठकीत वाचायचं की नाही, यावर सध्या त्यांचा विचार चाललाय.